तास किती आणि बोटं किती

त्या दिवशी सकाळपासून वारा पडला होता. ऑक्टोबरचा उकाडा. कुंडलिका नदीचं पाणी जागच्या जागी तेलासारखं, आणि आभाळ तापलेल्या पत्र्यासारखं पांढरं. चारच्या सुमाराला मात्र धाटावच्या कारखान्यांच्या धुराड्यांमागून काळं चढायला लागलं. परतीचा पाऊस असाच गुपचूप येतो आणि मग एकदम अंगावर. मी रोह्याच्या पुलाअलीकडच्या अष्टमी गावात आमच्या ओट्यावर बसलो होतो, आणि माझी नात प्राची त्या वेळी विमानात होती. नुसती बसलेली नव्हे. चालवत होती!

धास्ती वाटली की मला जुने किस्से आठवतात. टेम्पोच्या सीटखाली कसं, सुतळी, फडकं, पाना, कुणाची तरी एक चप्पल, आपण मुद्दाम ठेवत नाही तरी साठत जातं. तसे हे किस्से. पेणच्या एका गणपतीच्या कारखान्याचा टेम्पो मी चाळीस वर्षं चालवला. शाळेत गेलो नाही, अक्षरं मैलाच्या दगडांवरून शिकलो, म्हणून लिहितो सावकाश. टेम्पो पण सावकाशच चालवायचो.

*

कारखान्याचे मालक आप्पा. नवा ड्रायव्हर ठेवायचा तर लायसन ते नंतर बघायचे. आधी दहा कच्च्या शाडूच्या मूर्ती पेंढ्यात बसवून टेम्पोत ठेवायच्या आणि सांगायचं, "रोह्याला जा, आणि ह्याच मूर्ती घेऊन परत ये." कच्ची शाडू म्हणजे बिस्कीटच. त्यात हाताची बोटं तांदळाएवढी. माणूस परत आला की आप्पा चष्मा लावणार आणि ब्रशच्या दांडीने एकेक बोट मोजणार.

एकदा एक जण आला, छाती पुढे काढून. "बावीस वर्षं हायवेला हाय मी, आप्पा. झोपेत पण चालवीन."

गेला तसा झटक्यात परत पण आला! आप्पांनी मागचा फाळका उघडला. पाच गणपतींना मोजायला हातच राहिले नव्हते.

"पण गाडीला एक ओरखडा नाय, बघा," तो म्हणाला.

आप्पांनी चष्मा काढला. "गाडीची आरती करायचीय काय लोकांना?"

*

माझी परीक्षा झाली तेव्हा मला गाडी शिकून आठच महिने झाले होते. सकाळी निघालो तो उन्हं कलल्यावर परत आलो. आप्पा दारातच उभे.

"चालत गेलेलास काय रं?"

"थोडा चालत पण गेलो," मी म्हटलं. खोटं नव्हतं. भिसे खिंडीत खड्डा दिसला की मी गाडी थांबवून उतरायचो, पायाने चाचपून यायचो आणि मग चाक घालायचो. देव मोडला आपल्या हातून तर? ती भीती मानगुटीवर बसलेली.

आप्पांनी सगळी बोटं मोजली. सगळी शाबूत. मग त्यांनी माझा हात धरला. तो अजून थरथरत होता.

"हे थरथरणं सांभाळ," आप्पा म्हणाले. "ज्या दिवशी थांबेल त्या दिवशी मला सांगायला ये."

*

वीसेक वर्षांनी ते थांबलं. मी सांगायला गेलो नाही.

तोवर मी मोठा अनुभवी झालो होतो ना! गागोदे गावच्या एका घरची मूर्ती घेऊन निघालो होतो. गाणं गुणगुणत, एक हात खिडकीबाहेर. खड्डा माहितीचा होता, तरी जोरात घातली. मागे टक् असा आवाज झाला. उतरून बघतो तर आशीर्वादाच्या हाताचं एक बोट पेंढ्यात पडलेलं.

आणि मग घाबरून माणूस करतो तेच मी केलं. रस्त्याकडेच्या डबक्यात बोट भिजवलं, चिकटवलं आणि कुणाला काही न बोलता मूर्ती पोचवली.

दुसऱ्या दिवशी ते घरवाले मूर्ती घेऊन पेणला हजर! आप्पांनी मूर्ती उजेडात धरली. चार बोटं वर, आणि मी चिकटवलेलं एक पुढे आलेलं, थेट बघणाऱ्याच्या नाकावर.

आप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले, "हा आशीर्वाद देतोय का दम देतोय?"

त्या दिवसापासून माझा हात परत थरथरायला लागला. तो आजपर्यंत.

*

आमच्यातला दामू मात्र कधीच घाबरला नाही. तीस वर्षं पेण ते रोहा, रोहा ते पेण. दुसरा रस्ता त्याने पाहिलाच नाही. "चाकांना पाठ हाय," म्हणायचा.

मग हायवे रुंद करायचं काम निघालं. दामू आठ दिवस रजेवर होता. परत आला तो नेहमीच्या जागी नेहमीसारखा वळला, आणि टेम्पो अर्धवट बांधलेल्या पुलावर! पुढचं एक चाक हवेत. खाली नुसत्या सळया उभ्या. दामू स्टिअरिंग धरून तसाच बसलेला, पापणी पण हलवेना. आम्ही दोर लावून मागून गाडी ओढली तेव्हा कुठे त्याने श्वास सोडला.

रस्त्याच्या कामावरचा माणूस धावत आला. "काका, मी एवढा लाल झेंडा हलवत होतो. दिसला नाय तुम्हाला?"

"दिसला की!" दामू म्हणाला. "मला वाटलं वळखीचा हायस. मी हात पण केला तुला!"

*

आता मालती. ही आज माझी शेजारीण, मला दादा म्हणते. तेव्हा नवरा गेल्यावर टेम्पो शिकून कामाला आली होती. सहा महिने जेमतेम झालेले.

रोह्याला मूर्ती घेऊन निघाली आणि भिसे खिंडीच्या माथ्यावर, उतार सुरू व्हायच्या आधीच, तिने गाडी उभी केली. चाकांना दगड लावले आणि बाजूला जाऊन बसली. इकडे रोह्याचा दुकानदार फोनवर फोन करतोय. शिफ्ट सुटलेली मोटारसायकलवाली पोरं जाता जाता टोमणे मारतायत, "चालवता येत नाय तर घेतेस कशाला गो?"

ती म्हणाली, "चालवता येते. थांबवता येणार नाय असं वाटलं, म्हणून आत्ताच थांबवली."

पेणहून मेकॅनिक घेऊन मी पोचलो. त्याने गाडीखाली डोकं घातलं आणि बाहेर आला तो पांढरा पडून. ब्रेकचं ऑइल सगळं गळून गेलेलं.

आप्पांनी सगळं ऐकलं. तिला किती महिने झाले ते विचारलंच नाही. दामूला म्हणाले, "उद्यापासून मोठी गाडी ही नेणार. तू हात करत बस!"

*

प्राची ह्या असल्या गोष्टी ऐकत माझ्या मांडीवर वाढली. पायलटचं लायसन काढलं तिने, आणि मग वर्षभर घरी बसली. तिचे विमान उडवल्याचे तास होते दोनशे. अर्ज करायचा तर पहिला प्रश्न, तास किती? तिच्या बरोबरच्या एका मुलाचे तिच्यापेक्षा कितीतरी जास्त. तो स्वच्छ उन्हात त्याच मैदानावर फेऱ्या मारून तास भरायचा.

"आबा," ती म्हणायची, "तास सगळे विचारतात. त्या तासांत काय झालं, ते कोणी विचारत नाही."

शेवटी एका ठिकाणी विचारलं. पिकल्या केसांच्या एक मॅडम होत्या. म्हणाल्या, "सगळ्यात जास्त भीती कुठल्या तासाला वाटली?"

तो मुलगा म्हणाला, "मला भीती वाटतच नाही, मॅडम."

प्राचीने खरं सांगितलं. एकटी उडत असताना पुढे ढग खाली उतरलेला दिसला, आणि ती अर्ध्या वाटेतून परत फिरली. सगळे हसले होते. दुसऱ्या दिवशी ती फेरी पुन्हा पहिल्यापासून करावी लागली.

मॅडमनी विचारलं, "मग काय मिळवलंस त्यातून?"

"विमान, मॅडम," प्राची म्हणाली. "ते अजून उडतंय."

नोकरी लागली! मग पुन्हा ट्रेनिंग, मग कॅप्टनच्या शेजारची खुर्ची. गावात पेढे वाटले. मी पण वाटले, एकेक मोजून.

*

तर त्या दिवशी चार वाजता ओट्यावर मी, मालती आणि मालतीचा मोबाईल. प्राचीने त्यात विमानं दिसणारं काहीतरी घालून दिलंय. गोव्याहून मुंबईला येणारं एक बारकं पिवळं विमान. तेच तिचं.

तोवर आमच्याकडे अंधारून आलं होतं. पहिली वीज पडली आणि पुलापलीकडचं रोहा दिसेनासं झालं. मुंबईकडे पण असंच असणार. मालती आकडे वाचत होती. "उतरतंय, दादा. आणखी खाली आलं. आता अगदी खाली."

मग तिने मोबाईल डोळ्यांजवळ नेला.

"काय झालं गो?"

"वर चाललंय परत."

उतरता उतरता विमान परत वर! ते समुद्रावर गेलं आणि वळलं. मी ओट्याचा खांब धरून उभा राहिलो. मालतीने मोबाईल माझ्यापुढे धरून ठेवला. एक फेरी झाली. दुसरी झाली. पाऊस ओट्यावर आत यायला लागला तरी आम्ही हललो नाही. मग ते पिवळं पाखरू पुन्हा खाली यायला लागलं. खाली, आणखी खाली. आणि थांबलं.

अर्ध्या तासाने फोन वाजला. मालतीने स्पीकर लावला.

"आबा, उतरलो आम्ही. कॅप्टनसाहेबांचे बारा हजार तास, आणि माझे तीनशे पण नाहीत. शेवटच्या क्षणी पावसाने समोरचं सगळं पुसून टाकलं. मी म्हटलं, परत वर. त्यांनी काही न विचारता विमान वर नेलं. उतरल्यावर मग विचारलं, काय दिसलं तुला? मी म्हटलं, काही दिसलं नाही सर, म्हणूनच."

"मग काय म्हणाले?"

"आबा, त्यांनी हात पुढे केला. मी हातात हात दिला, तर त्यांचा पण थरथरत होता."

फोन बंद झाल्यावर पण मी खांब धरूनच उभा होतो. मालतीने माझी बोटं एकेक करून खांबावरून सोडवली, मला खाली बसवलं आणि म्हणाली, "दीडशे माणसं होती ना आत? म्हणजे दीड हजार बोटं, दादा. एक पण तुटलं नाय."