पाकीटबाईचं न दिलेलं पाकीट

लाँड्रीच्या मागच्या खोलीत एक लांब टेबल होतं, आणि त्या टेबलाशी ती एकोणीस वर्षं उभी होती. काम एकच. धुवायला आलेल्या प्रत्येक कपड्याचे खिसे बघायचे. पहिल्याच वर्षी एका कोटात राहून गेलेल्या पेनानं अकरा पांढऱ्या चादरी निळ्या करून टाकल्या, तेव्हापासून तिनं एक नियम धरला आणि पुढं प्रत्येक नव्या बाईला तो शिकवला: गिऱ्हाईक छातीठोकपणे सांगतं, खिसे रिकामे आहेत. त्याचं ऐकून घ्यायचं, मान डोलवायची, आणि हात घालायचाच.

खिशांतून काय काय निघायचं. तिकिटं, किल्ल्या, लेकराचा पडलेला दात, बायकोची नसलेली केसांची पिन, घड्या घालून घालून मऊ झालेली पत्रं. निघालेली वस्तू तपकिरी पाकिटात घालायची, पावतीचा नंबर टाकायचा, तोंड चिकटवायचं आणि कपड्यांबरोबर परत द्यायची. कागद असला तर वाचायचा नाही. "बघायचं ते हातानं," ती म्हणायची. "डोळ्यांचं इथं काम नाही." कुणी न नेलेली पाकिटं वर्षभर एका पत्र्याच्या डब्यात राहत. त्यावरून तिचं नाव पाकीटबाई पडलं होतं. शेजारच्या टेबलावरचा इस्त्रीवाला म्हणायचा, "पाकीटबाईच्या पोटात अख्खं गाव आहे. पण ढेकर म्हणून नाही."

हे ऐकून पूर्वी ती हसायची. आता ती खाली बघत असे, कारण डब्याच्या तळाशी एक पाकीट होतं, ज्यावर नंबर नव्हता.

ते तिच्या थोरल्याच्या खिशातलं होतं. थोरला सोळाचा. घरचे कपडे ती घरीच धुवायची, पण हात सवयीनं खिशात जायचाच. त्या दिवशी त्याच्या शाळेच्या पँटमधून वहीचं पान निघालं. वर्गात शेजारी बसून दोन पोरांनी एकाच कागदावर आळीपाळीनं लिहून केलेलं बोलणं होतं ते. एक अक्षर थोरल्याचं, दुसरं पलीकडच्या गल्लीतल्या त्याच्या मित्राचं, ज्याला सगळे चष्म्या म्हणत. एकोणीस वर्षं परक्यांचं एक अक्षर न वाचलेल्या बाईनं पोटच्या पोराचा कागद मात्र बादलीशी उभ्या उभ्या वाचून काढला. परक्यांचं खाजगी असतं, आपल्यांचं काय असायचंय, असं तिला वाटलं असावं. किंवा काहीच वाटलं नसावं.

थोरल्यानं लिहिलं होतं की तीन आठवडे तो शाळेत फक्त हजेरीपुरता जातोय, परीक्षेला बसणार नाही, सुट्टी लागली की चष्म्याच्या मामाच्या गॅरेजमध्ये, दुसऱ्या शहरात, निघून जाणार. खाली चष्म्यानं विचारलं होतं, 'आणि आई?' त्याखाली थोरल्याचं उत्तर: 'आई घरात असून नसल्यासारखी. बाबा ओरडायला लागले की ती कपड्यांच्या घड्या घालत बसते.'

त्या ओळीपाशी ती थांबली. मग तिनं कागद पर्समध्ये टाकला (दुसऱ्या दिवशी लाँड्रीत तो सवयीनं पाकिटात घालून डब्याच्या तळाशी ठेवला) आणि नवरा कामावरून आल्यावर त्याला सगळं सांगितलं. शाळेचं, परीक्षेचं, गॅरेजचं. शेवटची ओळ सोडून.

नवरा काचा बसवायचा. दुकानांच्या, खिडक्यांच्या, मोठमोठ्या. त्यानं विचारलं, "तुला कुणी सांगितलं?"

"त्याच्या त्या मित्राच्याच तोंडून निघालं," ती म्हणाली. एवढं एकच वाक्य. कागदाचं सांगितलं असतं तर त्यानं कागद मागितला असता, आणि ती ओळ त्यानं वाचली असती.

पुढचं सगळं त्या वाक्यातून निघालं, गाठ सुटलेल्या गठ्ठ्यासारखं. नवऱ्यानं पोराच्या मुस्काटात मारली. चष्म्याच्या दारात जाऊन चार माणसांदेखत आरडाओरडा केला. चष्म्यानंच तोंड उघडलं, हे थोरल्याला बापाकडून कळलं, आणि कागदही चष्म्याकडेच राहिलाय अशी त्याची खात्री होती. चष्म्या शपथा घेत राहिला, आणि थोरल्यानं शाळेच्या पायऱ्यांवर त्याला पाडून त्याचा चष्मा टाचेखाली फोडला. शाळेनं थोरल्याला घरी बसवलं. घरी बसून तो बोलायचा बंद झाला. एके दुपारी त्यानं न्हाणीघराचा आरसा मुठीनं फोडला. तो बापानंच बसवलेला होता.

शाळेनं अट घातली: समुपदेशकाकडे जा, आणि पोराला एकट्याला नको, सगळं घर घेऊन जा.

"ताप त्याला, आणि गोळ्या आम्हाला?" नवरा म्हणाला. पण गेला.

सरकारी दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर एक खोली होती. पाच खुर्च्या, एकीचं रूप दुसरीत नाही. भिंतीवर घड्याळ. समुपदेशक म्हणजे तिशीची एक मुलगी, सगळे तिला ताई म्हणत. धाकटीनं, जी दहा वर्षांची होती आणि जिच्या नजरेतून काही सुटत नसे, पहिल्याच दिवशी बाहेर येऊन जाहीर केलं की ताईंच्या बुटाची एक नाडी कायम सुटलेली असते, म्हणजे त्याही आपल्यासारख्याच असणार.

ताई सल्ला देत नसे. तिची पद्धत एकच होती. एक जण बोलला की दुसऱ्यानं उत्तर द्यायचं नाही. आधी ऐकलेलं त्याचं बोलणं त्याला परत सांगायचं, आणि "बरोबर ऐकलं का?" असं विचारायचं. तो "हो" म्हणाला, तरच पुढं.

पहिल्या दोन वेळा नवऱ्याला ते जमलंच नाही. पोरगा म्हणाला, "मला घरी यावंसं वाटत नाही." बापानं परत सांगितलं, "याला घरी यायचं नाही, कारण याला मोकाट फिरायचंय." ताई शांतपणे म्हणाली, "कारण तो बोलला नाही. ते तुमचं आहे." नवरा खुर्चीत इकडून तिकडे झाला. धाकटीला मात्र तो खेळ आवडला. घरी जेवताना ती म्हणायची, "म्हणजे आई, तुझं म्हणणं असं, की मी दूध संपवावं. बरोबर ऐकलं का?" एकदा थोरल्याच्या ओठाचा कोपरा हलला. पाकीटबाईनं ते पाहिलं. आनंद होता, पण चोरीचा माल वापरल्यासारखा.

कारण घर खरंच हळूहळू बदलत होतं. नवरा दारातून आत येताना बूट आपटेनासा झाला. थोरला ताटावरून अर्धवट उठेनासा झाला. तिसऱ्या वेळेनंतर बापलेक घरी चालत आले, फार बोलले नाहीत, पण एकाच फुटपाथवरून आले. हे सगळं एका खोट्या वाक्यावर उभं होतं, आणि ते फक्त तिला माहीत होतं. कामावर ती खिशात हात घालायची आणि विसरायची की कशासाठी घातला. चौथ्या वेळेच्या आदल्या दिवशी तिनं डब्याच्या तळातलं पाकीट काढून पर्समध्ये ठेवलं. द्यायचं असं ठरवलं नव्हतं. तिथं ठेववेना, एवढंच.

चौथ्या वेळी नवरा बोलला. नेहमीसारखा नाही, गुडघ्यांकडे बघत. "काच उचललेली असली की मी कुणाशी भांडत नाही. मालक बोलू दे, गिऱ्हाईक बोलू दे. हात गुंतलेले असतात. घरी येतो तेव्हा हात मोकळे असतात." मग तो पोराला म्हणाला, "त्या दिवशी मारलं ते चुकलं माझं. दारात जाऊन तमाशा केला, तेही."

थोरल्यानं नियमाप्रमाणे परत सांगितलं, अडखळत, "तुम्ही म्हणताय, मारलं ते चुकलं. बरोबर ऐकलं का?"

"हो," बाप म्हणाला, आणि खिशात रुमाल शोधू लागला.

"माझा तुमच्यावर राग नाही एवढा," थोरला म्हणाला. "तुम्ही पहिल्यापासून तसेच आहात. माझा एकच माणूस होता, आणि तोच फुटला. आता मी कुणाला काही सांगणार नाही."

ताई पाकीटबाईकडे वळली. "आई, आज तुम्ही काहीच बोलला नाहीत. त्याचं म्हणणं तुम्ही परत सांगा."

साधं काम होतं. दोन वाक्यं. तिनं तोंड उघडलं. "तुझं म्हणणं असं, की तुझा एकच माणूस होता..." पुढचे तीन शब्द तिच्या जिभेवर होते. ते म्हणून टाकले असते तर सगळे उठून घरी गेले असते, पुढच्या आठवड्यात परत आले असते, आणि एक दिवस शाळेनं पोराला परत घेतलं असतं. घड्याळ चालू होतं. धाकटी पाय हलवत होती.

"तो फुटला नाही," ती म्हणाली.

"आई, आपलं मत नको," धाकटीनं नियम काढला. "नुसतं परत सांग."

"तो फुटला नाही. मी वाचलं." तिनं पर्समधून पाकीट काढलं आणि मांडीवर ठेवलं. लाँड्रीचा शिक्का, नंबरची जागा कोरी. "तुझ्या पँटच्या मागच्या खिशात होतं. त्या पोरानं कुणाला काही सांगितलं नाही."

थोरल्यानं पाकीट उचललं नाही. नवरा म्हणाला, "अगं, तू मला सांगितलंस की..."

"खोटं सांगितलं."

"मी त्या पोराच्या आईला तिच्या दारात काय काय बोललो." नवऱ्याचा आवाज चढला नव्हता, आणि तेच तिला सोसेना. "त्या वेळी तू घरी काय करत होतीस?"

"घड्या घालत होते," ती म्हणाली. मग पोराकडे वळली. "काळजीपोटी केलं, असं सांगायचं मनाशी घोकून ठेवलं होतं मी. पण तसं नव्हतं रे. माझ्याबद्दल एक ओळ होती त्यात. ती खरी होती, म्हणून लागली. तुझं लपवलं असतं तर तुझी झाले असते. मला त्या वेळी तुझं व्हायचं नव्हतं. तुला दाखवायचं होतं, की मीही घरात आहे."

तिला वाटलं होतं पोरगा ओरडेल, खुर्ची लोटेल. तो फक्त म्हणाला, "मी त्याचा चष्मा फोडला."

"हो."

"डोळ्याच्या इथं रक्त आलं होतं."

"हो रे."

"आरसा फोडला तेव्हा तू मला कापूस आणून दिलास. माझ्या हाताला." तो उठला आणि खोलीबाहेर गेला. ताईनं त्याला अडवलं नाही. ती पाकीटबाईला शाबासकी देईल, निदान झालं ते बरं झालं म्हणेल, अशी वेडी आशा तिला एक क्षण होती. ताई एवढंच म्हणाली, "पुढच्या आठवड्यात याच वेळी. सगळे या."

जाताना नवरा पुढं चालत होता. धाकटी मधेच कुठंतरी, कुणाचा हात धरावा हे न कळून.

दुसऱ्या दिवशी लाँड्रीतून सुटल्यावर ती एकटीच चष्म्याच्या दारात गेली. त्याच्या आईनं दार अर्धंच उघडलं आणि तिचं सगळं बोलणं तसंच, अर्ध्या दारातून ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माझं पोर महिनाभर म्हणत होतं, मी नाही सांगितलं. मीसुद्धा त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. ते कुणाच्या नावावर टाकू, बाई?" आणि दार लावलं. एवढी शिक्षा तिच्या हिशेबात नव्हती. आपलं वाक्य दुसऱ्याच्या घरातही शिरून बसलं होतं.

थोरला चष्म्याकडे गेला, हे तिला धाकटीकडून कळलं. पहिल्यांदा भेट झाली नाही, दुसऱ्यांदा झाली. काय बोलणं झालं, ते धाकटीलाही कळलं नाही, म्हणजे कुणालाच कळलं नसणार.

घरी मात्र थोरल्यानं आपले कपडे तिच्याकडे टाकायचे बंद केले. स्वतः धुवायचा, आणि वाईट धुवायचा. लाल टीशर्ट आणि शाळेचा पांढरा शर्ट एकाच बादलीत भिजवून त्यानं शर्ट गुलाबी केला. एकोणीस वर्षं कपड्यांत काढलेल्या बाईनं दोरीवरचा तो शर्ट रोज बघायचा आणि हात लावायचा नाही. नवरा एकदा म्हणाला, "अगं, सांग तरी त्याला."

"त्यानं विचारलं नाही."

"त्यानं विचारलं नाही, म्हणून तू सांगत नाहीस. बरोबर ऐकलं का?" नवरा म्हणाला. त्या दिवसानंतर तो तिला पहिल्यांदाच असं काही बोलला होता. नंतर तो तिच्याजवळ बसला आणि समोरच्या ढिगातला एक टॉवेल घेऊन चुकीची घडी घालू लागला. तिनं ती मोडली नाही.

ताईकडे ते जात राहिले. आता बोलायची पाळी तिची जास्त असे. नवऱ्याचा आवाज चढायला लागला की आपल्या आत काय होतं, ते तिनं तिथं सांगितलं, आणि नवऱ्याला ते परत सांगावं लागलं. तीन वेळा चुकला, चौथ्यांदा बरोबर. थोरला ऐकत असे. तिच्याकडे बघत नसे.

शाळेनं त्याला परत बोलावलं, त्याच्या आदल्या संध्याकाळी ती स्वयंपाकघरात भांडी पुसत होती. थोरला दारात आला. त्याच्या हातात तो गुलाबी शर्ट होता.

"हा डाग जाईल?"

तिनं हात पुसले, शर्ट उजेडात धरला. खोटं बोलायला हीच जागा होती, आणि किती सोपी. "हा डाग नाही. रंग चढलाय. पूर्ण नाही जायचा. थोडा उतरेल."

"उद्या घालता येईल एवढा?"

"उद्या हाच घालून गेलास तर कुणी विचारेल एवढा राहील."

"विचारू देत," तो म्हणाला. "चष्म्याला सांगितलंय मी. तो आत्ताच हसतोय."

तिनं शर्ट खांद्याशी धरला आणि तिचा उजवा हात आपोआप खिशाकडे गेला. अर्ध्यात थांबला. दोघांनीही तो थांबलेला हात पाहिला.

"रिकामा आहे," थोरला म्हणाला.

आत काहीतरी होतं की नव्हतं, ते तिला कधीच कळलं नाही. तिनं मान डोलवली, बादली ओढली, आणि खिशात हात न घालता शर्ट तसाच पाण्यात सोडला.