एशमुरातनं शिंपडलेलं पाणी

देनावच्या बाजारात मटणाची दुकानं ओळीनं आहेत, पण तुर्दिकुल पैलवानाच्या दुकानासमोर जी गर्दी असते ती निम्मी गप्पांसाठीच. माणूस दाराएवढा रुंद. एक गुडघा वाकत नाही, त्यामुळे संध्याकाळी बाकावर बसताना तो आधी हात टेकतो, मग तोंड वाकडं करतो आणि मग बसतो. आसपासच्या गावांत लग्न असो की सुंता, कुस्त्या लागल्या की पंच म्हणून तुर्दिकुल हवाच. मांडवात मधली गादी त्याची, पहिला चहा त्याला. त्यानं पाठ लागली म्हटलं की लागली, हरलेल्याचा बापसुद्धा वर तोंड करून बोलत नाही.

हा मान त्याला मिळाला तो तरुणपणी त्याची पाठ कुणी जमिनीला लावली नाही म्हणून. एकदाच लागली, आणि त्या एकदाची हकिगत गावातल्या पोराटोरांनाही तोंडपाठ आहे. समोर पांजी नावाचा बायसूनच्या डोंगरातला मेंढपाळ होता, काटकुळा, तुर्दिकुलच्या काखेत मावेल एवढा. धूळ बसावी म्हणून कुस्तीआधी जमिनीवर पाणी शिंपडतात, ते काम त्या दिवशी एशमुरातकडे होतं. त्यानं हात सैल सोडला, चिखल झाला, पैलवानाचा पाय घसरला आणि गुडघा कायमचा कामातून गेला. अशी ती हकिगत. त्यानंतर एशमुरातच्या हाती कुणी झारी दिली नाही. तो चहाखान्यात पेले विसळायला लागला, विसळता विसळता म्हातारा झाला, आणि गिऱ्हाईकं अजून त्याला बजावतात, "पाणीवाले, जरा जपून. पैलवान यायचेत." तोही हसतो. दुसरं काय करणार?

तुर्दिकुलला मूलबाळ नाही. बायको जाऊनही बरीच वर्षं झाली. शेजारी बहीण ओयदीन राहते, तिचा नवरा रशियात इमारतींच्या कामावर असतो आणि सणाला पाहुण्यासारखा येतो. तिचा मुलगा एल्दोर पाळण्यात होता तेव्हाच मामानं मनातल्या मनात त्याच्या कमरेला कुस्तीचा पट्टा बांधून टाकला होता. पण पोरगा फुटबॉलमागे गेला. तोही कुठं, तर मधल्या फळीत, जिथं पुढून-मागून सगळीकडून धक्के बसतात. सोळा वर्षांचा झाला तरी अंगावर मूठभर मांस नाही. मात्र चेंडू पायात यायच्या आधीच तो पुढं कुणाला द्यायचा हे त्याचं ठरलेलं असायचं.

त्या वसंतात तिरमिझच्या संघानं देनावच्या पोरांना त्यांच्याच मैदानावर लोळवलं. तिरमिझचा सात नंबर चांगला मिशा फुटलेला दांडगा गडी होता. एल्दोरला चेंडू मिळाला की तो खांदा लावायचा आणि एल्दोर गवतात. संध्याकाळी संघाचा कोच इस्मत दुकानात आला.

"पोराचं डोकं चांगलं, पायही चांगले," इस्मत म्हणाला, "पण फुंकर मारली तरी पडतो हो, पैलवान. जूनमध्ये तिरमिझला परतीचा सामना आहे. ताश्कंदच्या अकादमीचा माणूस पोरं निवडायला यायचाय. तोवर हे असंच राहिलं तर मी त्याला बाहेर बसवणार. वाईट वाटेल, पण बसवणार."

"एवढंच ना? मग मला आधी सांगायचं," तुर्दिकुल म्हणाला. "खायला घालणं माझ्याकडे लागलं."

एल्दोरनं घरी सांगून टाकलं होतं, निवड झाली नाही तर बाबांकडे जातो, विटा उचलायला. ओयदीननं एक माणूस त्या बर्फाला दिलेला होता, दुसरा द्यायची तिची तयारी नव्हती. म्हणून भावानं खुराक सुरू केला तेव्हा ती काही बोलली नाही.

खुराक म्हणजे काय, तर सकाळी वाटीभर साय आणि गरम नान, दुपारी भट्टीत पुरून भाजलेलं मटण, संध्याकाळी जाड शेपटीच्या दुंबा मेंढ्याची चरबी. एल्दोर चरबीकडे बघून डोळे मिटायचा. गल्लीतल्या बायकाही मागं राहिल्या नाहीत. कुणी घोड्याचं मांस आणून दिलं, कुणी अक्रोड. "सून आणायची आहे की बैल विकायचाय?" असं एका म्हातारीनं ओयदीनला विचारलंसुद्धा. संध्याकाळी अंगणात डाळिंबाच्या झाडाखाली मामा शिकवायचा.

"पाय रोव. अजून. झाड हो झाड. आता येऊ दे कोण येतो ते."

पोरगा झाड झाला. गाल भरले, मान भरली. मग सूतगिरणीतल्या कामगारांशी सरावाचा सामना ठरला आणि मामा पहिल्या ओळीत जाऊन बसला. एल्दोरनं चेंडू घेतला, शिकवल्याप्रमाणे पाय रोवले आणि उभा राहिला. कामगारांमधला एक जाडजूड गडी धावत आला, त्यानं छातीचा भार टाकला, आणि एल्दोर कुंपणाच्या खांबासारखा बुडासकट आडवा झाला. पुन्हा तेच, आणि पुन्हा. पूर्वी निदान पटकन उठायचा, आता उठायलाही वेळ लागत होता. अर्धा खेळ झाला तशी इस्मतनं त्याला बाहेर बोलावलं. पोरगा मामाकडे न बघता पाणी प्यायला गेला.

तुर्दिकुल बाकावर बसून राहिला. त्याची नजर भाच्यावर नव्हतीच, त्या जाडजूड गड्यावर होती. धक्का देताना गड्याचा सगळा भार पुढच्या पायावर येत होता. ज्याला रेटायचं तो त्या घडीला तिथं नसता तर गडी तोंडावर आपटला असता. हे तुर्दिकुलइतकं त्या मैदानावर कुणालाच ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं त्यानं ते स्वतःलासुद्धा आठवू दिलं नव्हतं. त्याला लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली.

भीती वाटणं साहजिक होतं. पोराला हे शिकवायचं तर ते आलं कुठून हे सांगावं लागणार, आणि ते सांगितलं की मधली गादी गेली. तीन दिवस तो अंगणात शिकवायला आलाच नाही. चौथ्या दिवशी ओयदीन एल्दोरसाठी नवऱ्याची जुनी बॅग उन्हात घालताना दिसली. तुर्दिकुलनं दुपारीच दुकानाची फळी लावली आणि दोन पट्टे घेऊन अंगणात आला.

"बांध," तो एल्दोरला म्हणाला.

"मामा, आता कुस्ती कशाला? झाला माझा फुटबॉल."

"बांध म्हटलं ना. आधी तू माझ्यावर रेल. मी परत रेटीन. माझा भार आला असं वाटलं की तू तिथं राहायचं नाहीस. अर्धं पाऊल टाक आणि वळ. बळ लावायचं नाही, बळ माझंच वापरायचं."

पहिल्यांदा पोरगा पडला. दुसऱ्यांदा दोघेही अडखळले. मग कधीतरी ते जमलं. एल्दोर रेलला, मामानं रेटलं, आणि मामाच्या पुढ्यात कुणीच नव्हतं. तो एवढा मोठा माणूस कोंबड्यांच्या पाण्याच्या भांड्यावर जाऊन आदळला. ओयदीन स्वयंपाकघरातून धावत आली.

"दादा, वय काय तुमचं, करताय काय?"

"आत जा तू, काही झालं नाही."

एल्दोर त्याला उठवायला वाकला. "मुद्दाम पडलात ना?"

"नाही."

"खोटं नका बोलू. तुम्हाला असं कुणी पाडलंय का कधी?"

तुर्दिकुलनं कपड्यांवरची माती झटकली. गुडघा चोळला. झटकून आणि चोळून झालं तरी पोरगा समोर उभाच होता.

"पांजीनं," तो म्हणाला. "असंच."

"पण तिथं तर चिखल होता."

"जमीन कोरडी होती. धूळ उडत होती. एशमुरातनं नेहमीसारखं बेताचं शिंपडलं होतं."

एल्दोरनं पट्टा सोडला, त्याची घडी घातली. घडी घालायला त्यानं बराच वेळ लावला.

"मी पण त्यांना पाणीवाले म्हणतो," तो म्हणाला. "लहानपणापासून."

मामानं आपला पट्टा सोडून त्याच्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी चरबी बंद झाली आणि अंगणातला सराव चालू राहिला.

तिरमिझच्या मैदानावर पहिल्याच धक्क्याला एल्दोर पडला, कारण सराव वेगळा आणि सामना वेगळा. सात नंबर हसला. पुढच्या वेळी एल्दोर पाठ करून उभा राहिला, त्यानं आपणहून खांदा सात नंबरच्या छातीला टेकवला, त्याला चिडू दिलं, रेटू दिलं, आणि चेंडूसकट बाजूला झाला. सात नंबर हवेला धडक देऊन गुडघ्यांवर आला. प्रत्येक वेळी जमलं असं नाही, दोनदा तर चांगला आपटला. पण सात नंबर आता धावून येताना बिचकायला लागला होता, आणि तेवढ्या वेळात एल्दोरचा पास जाऊन पोचायचा. सामना बरोबरीत सुटला. इस्मतनं त्याला शेवटपर्यंत मैदानावर ठेवलं, आणि ताश्कंदच्या माणसानं सांगितलं की सप्टेंबरमध्ये पाठवून द्या.

"पैलवानाचं रक्त आहे, दुसरं काय," देनावचे लोक म्हणत होते. तुर्दिकुल बुटांकडे बघत बसला होता. एल्दोर घामेजलेला त्याच्यापाशी आला.

"इस्मत अका विचारत होते हा डाव कुणाचा. मी म्हटलं, मामांना विचारा."

एवढं बोलून तो निघून गेला.

इस्मतनं विचारलं नाही, आणि तुर्दिकुलनं आपणहून सांगितलं नाही. उन्हाळा तसाच गेला. एल्दोर ताश्कंदला निघण्याआधी गावात एक मोठं लग्न आलं. मांडव भरला, मधोमध गादी घातली, बक्षिसाचा मेंढा आणून बांधला. एक पोरगा झारी घेऊन आखाड्यात आला तेव्हा तुर्दिकुल गादीवरून उठला. हात टेकून, तोंड वाकडं करून उठला, आणि लंगडत जाऊन त्यानं पोराच्या हातातली झारी घेतली. समोवरापाशी एशमुरात पेले विसळत होता.

"एशमुरात अका," तुर्दिकुलनं हाक मारली. एशमुरातला मानानं अका, म्हणजे दादा, म्हणण्याची त्याची ही पहिलीच वेळ. "इकडे या. पाणी तुम्ही शिंपडा."

लोक हसायला लागले. कुणीतरी म्हणालं, "आज पुन्हा कुणाचा गुडघा जाणार?"

"माझा गुडघा पाण्यानं गेला नाही," तुर्दिकुल मोठ्यानं म्हणाला. "जमीन कोरडी होती. पांजीनं मला पाडलं, सरळ डावानं पाडलं. मी खोटं बोललो."

हसणं थांबलं. वरबाप गादीकडे बघत राहिला, तिथं आता कुणाला बसवायचं हे त्याला सुचेना. एल्दोर मेंढ्याच्या बाजूला उभा होता, त्यानं मान खाली घातली नाही.

एशमुरातनं हात कमरेला गुंडाळलेल्या फडक्याला पुसले आणि झारी घेतली. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत त्यानं पाणी शिंपडलं, इतकं कमी की धूळ नीट बसलीसुद्धा नाही. मग रिकामी झारी परत द्यायला तो तुर्दिकुलपाशी आला.

"मला वाटायचं, खरंच जास्त पडलं असेल," तो हळूच म्हणाला. "घरी अंगणात शिंपडून बघायचो मी, किती पाण्यानं चिखल होतो ते."