कपाटामागची पाल

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तशी मी कुणालाच फार काही सांगत नाही, त्यामुळे या वाक्याला वाटतं तेवढं वजन नाही. पण तुम्हाला सांगते. मला पालीसारखं चुकचुकता येतं.

हसा, हरकत नाही. जीभ टाळूला जरा मागे चिकटवायची आणि पटकन सोडायची. तीनदा, शेवटचं थोडं हळू. आठवीत असताना हे मला आपोआप जमलं. काही मुलांना शिट्टी जमते. मला हे.

आता यात गुन्हा कसला? तेच तर. आमच्या घरात बोलता बोलता पाल चुकचुकली, की बोललेलं खरं ठरतं. बाबा वाळूजला एका कारखान्यात क्वालिटी बघतात. केसाएवढा फरक पडला तरी पार्ट परत पाठवणारा माणूस. पण पाल चुकचुकली की वाक्य अर्धं सोडून टेबलावर बोटाने तीनदा टकटक करणार आणि म्हणणार, "कृष्ण, कृष्ण. बघा, खरं आहे." पालीला त्यांनी कधी माप लावलेलं मी पाहिलं नाही.

आणि मी? घरी मराठीत अडखळणारी, इंग्लिश शाळेत इंग्रजीत अडखळणारी. माझं कुणी ऐकत नव्हतं असं नाही — मी बोलतच नव्हते. पालीचं मात्र सगळे ऐकत. हे लक्षात आल्यावर तुम्ही काय केलं असतं?

आई म्हणाली, "हिला पोहायच्या क्लासला घालू या." बाबा म्हणाले, "नको, सर्दी होईल तिला." चुक, चुक, चुक. क्लास रद्द. वक्तृत्व स्पर्धा अशीच गेली. नात्यातली दोन-तीन लग्नं गेली, म्हणजे त्यांना माझं जाणं गेलं. त्याच वर्षी अंधश्रद्धांवरच्या इंग्रजी निबंधाला मला शाळेत पहिलं बक्षीस मिळालं. त्यात काळी मांजर होती, घुबड होतं, लिंबू-मिरची होती. पाल मी वगळली.

इथपर्यंत सांगायला मजा येते. इथंच थांबावं का?

मेघाआत्या, बाबांची धाकटी बहीण, आमच्याकडेच राहते. शहागंजात एका मेडिकलवर कामाला आहे. माझी आणि तिची खोली एकच. रिक्षावाल्याशी ती बोलायची, टीचरशी ती बोलायची. पाहुण्यांनी "कितवीत गं तू?" विचारलं, की मी तोंड उघडायच्या आत "नववीत" हे तीच सांगायची. मला ती आत्या कमी आणि माझं तोंड जास्त वाटायची.

मग अंकुश आले. देवगाव रंगारीचे, जनावरांचे डॉक्टर. त्यांच्या आईच्या बीपीच्या गोळ्या न्यायला आत्याच्या दुकानात यायचे, आणि गोळ्या संपायच्या आत परत यायचे. आमच्याकडे पणजोबांपर्यंत भिक्षुकी, त्यांच्याकडे मेंढरं. बाबांना हे जड जाईल असं सगळ्यांनाच वाटत होतं. एका रविवारी अंकुश घरी आले, आणि बाबांनी बसल्या बसल्या त्यांची तपासणी सुरू केली.

"तुमच्याकडे पालीचं मानतात का हो?"

"व्हय, मानतात की. आमच्यात तर टिटवीचं लई. आई म्हणती, टिटवी पाय वर करून झोपती. आभाळ पडलं तर झेलायला."

"आणि तुमचं काय मत?"

"ल्हानपणी मेंढरांमागं रानात लई हिंडलोय. तशी झोपल्याली एक बी नाय दिसली. पण आभाळ बी पडलं नाय अजून. म्हणून आईला काय बोलत नाय."

बाबा हसले. बाबा पाहुण्यांसमोर हसत नाहीत. नंतर स्वयंपाकघरात येऊन आईला म्हणाले, "माणूस मापात आहे." त्यांच्या कारखान्यात याहून मोठी स्तुती नसते.

चहाचा ट्रे माझ्या हातात होता. अंकुशनी मला विचारलं, "तू कितवीला हायेस गं?" मी सवयीने आत्याकडे पाहिलं. ती त्यांच्याकडे बघत होती. तिला प्रश्न ऐकूच आला नाही. मी ट्रे घेऊन तशीच उभी. शेवटी त्यांनीच बिस्कीट उचललं आणि विषय बदलला.

हे कारण म्हणून सांगत नाहीये. झालं ते सांगतेय.

संध्याकाळी आत्या पलंगावर बसून साडीची घडी घालत होती. मी कपाटाच्या उघड्या दाराआड शाळेचा युनिफॉर्म शोधत होते. समोरच होता तो. ती म्हणाली, "चिमे, माणूस चांगला आहे गं. पण ते गाव, ते एवढं मोठं घर, सगळी नवी माणसं... मला वाटतं, मला नाही जमायचं तिथं."

आणि थांबली.

माणूस असं बोलून का थांबतो? "जमेल गं, वेडी का तू" एवढं ऐकायला. मला हे म्हणता येत होतं. मराठीत येत होतं, इंग्रजीत येत होतं.

चुक. चुक. चुक.

घडी घालणारे हात थांबल्याचं मला दाराआडूनसुद्धा कळलं. मग पलंगाच्या लाकडावर बोटाची टकटक. "कृष्ण, कृष्ण," ती हळूच म्हणाली. मला त्या क्षणी काय वाटलं? पश्चात्ताप म्हणाल तर नाही. शेवटचं चुक नेमकं हळू साधलं, याचं समाधान वाटलं.

तिने नकार कळवायला सांगितला तेव्हा बाबा चक्रावले. आयुष्यात पहिल्यांदा ते पालीच्या विरुद्ध बोलले. "अगं, पाली काय, कधीही चुकचुकतात. भिंतीवर किडा दिसला तरी चुकचुकतात."

"दादा, तूच म्हणतोस ना, खरं असतं म्हणून?"

उत्तर माझ्याकडे होतं. मी भात कालवत होते.

अंकुश त्यानंतर एकदाच दुकानात आले, असं आत्याने आईला सांगितलेलं मी ऐकलं. त्यांनी तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मागितल्या.

आत्याला पुढेही स्थळं आली. एकाही वेळी मी तोंड उघडलं नाही, पाल म्हणूनसुद्धा नाही. गरजच पडली नाही. ती स्वतःच नको म्हणायची, पटकन, विषय संपवल्यासारखं. अंकुशचं लग्न झालं. मी आता नोकरी करते, खोली अजून आमची एकच आहे. आई पाहुण्यांना सांगते, मेघाच्या लग्नाला पालीने कौल दिला नाही. पाहुणे मान डोलावतात. मीही.

पालीने काही केलं नाही. मी केलं. आत्याने मला विश्वासाने एक भीती सांगितली, आणि मी त्या भीतीवर शिक्का मारला — ती माझ्यासाठी बोलत राहावी म्हणून.

ती अजून बोलते. गेल्या आठवड्यात आम्ही गुलमंडीवर पाणीपुरी खायला गेलो. मी पुढे होऊन द्रोण धरला, तर मागून आत्या म्हणाली, "भैया, इसको मीठा बनाना, तीखा नहीं चलता इसको."

मला तिखट आवडतं. कॉलेजपासून आवडतं.

भैयाने पुरीत गोड पाणी भरलं. मी खाल्ली. "अजून घ्यायची?" आत्याने विचारलं, आणि माझी मान हलायच्या आत त्याला सांगितलं, "और एक प्लेट."