गावठाणातला रोमन सम्राट

आमच्या इमारतीला लागून अंधेरीतलं एक जुनं गावठाण आहे. तिथल्या ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती कुटुंबांची घरची बोली मराठीच. त्यातलीच एक माझी मैत्रीण. आम्ही दोघी एकाच शाळेत शिकवतो. त्यांच्या चर्चच्या सणाला मराठी नाटक असतं. त्या वर्षी विषय होता रोमचा तो सम्राट, ज्याला लढाईआधी आकाशात क्रूस दिसला आणि ज्याने पुढे ख्रिस्ती लोकांचा छळ थांबवला. नाटक तोंडावर आलं आणि सम्राट होणाऱ्या गृहस्थांना कांजिण्या आल्या.

मैत्रीण धावतच आमच्याकडे आली. "वाट लागली गं! तुझे बाबा गावी दशावतारात राजे करायचे ना?"

बाबा आतून ऐकतच होते. गिरणीतल्या नोकरीसाठी मुंबईला आले, तेव्हापासून त्यांचा दशावतार सुटला होता. ते बाहेर येऊन म्हणाले, "मी हिंदू माणूस. तुमका चलात?"

संध्याकाळी चर्चचे फादर स्वतः घरी आले. हसून म्हणाले, "काका, तो सम्राटसुद्धा तेव्हा ख्रिस्ती कुठे होता? बाप्तिस्मा घेतला तो पार मरताना."

"मगे तेव्हा खयच्या देवाक मानी?"

"सूर्याला."

बाबा खुर्चीतच ताठ बसले. "मग झाला तर! माका जमात."

फादरांनी पुतळ्याचा फोटो दाखवला. सम्राटाला मिशी नव्हती. नाटकाच्या सकाळी बाबा न्हाणीघरातून सफाचट होऊन आले. आई पदर तोंडाला लावून हसत सुटली. "अगो बाई! लग्नापासून आज पहिल्यांदा तुमचो वरचो ओठ बघतंय!"

चर्चसमोरच्या अंगणात मंच होता. बाबांनी पाय आपटत अशी एंट्री घेतली की फळ्या हादरल्या. तांब्यातून सूर्याला अर्घ्य दिलं. मग रोमबाहेरच्या पुलावर शत्रू राजा आडवा आला. तो माझ्या मैत्रिणीचा नवरा. दशावतारात संवाद पाठ नसतात, जागेवर सुचतात. बाबांनी तेच सुरू केलं. "दुष्टा, माझी वाट अडवतोस? तुझ्या प्रजेने तुला कधी आशीर्वाद दिला का? बोल!" त्या बिचाऱ्याच्या संहितेत हे नव्हतंच. तो गोंधळून म्हणाला, "नाही हो काका." सगळं अंगण हसून लोळलं.

खरी पंचाईत पुढेच झाली. माडाला बांधलेला दिव्यांचा क्रूस पेटेचना. बाबा थांबले. मान वर करून अंधाऱ्या आभाळाकडे बघत राहिले. डोळे मोठे झाले, तलवार हळूहळू खाली आली. सगळी माणसं मान वळवून माडाच्या शेंड्याकडे बघू लागली. माझ्या शेजारच्या म्हातारीने क्रूसाची खूण केली. मीही वर बघत होते आणि मला रडू येत होतं.

शेवटी बाबांनी घोषणा केली, "आजपासून माझ्या राज्यात कोणी कोणाच्या देवाच्या आड येणार नाही!" टाळ्या थांबेनात.

नंतर जेवणाच्या टेबलावर सम्राट आणि हरलेला राजा शेजारी शेजारी बसून मटणाच्या रश्श्यात फुगे, म्हणजे ईस्ट इंडियनांचे तळलेले गोल पाव, बुडवून खात होते. बाबा त्याला समजावत होते, "मरताना दोनय हात वर कर रे! मागच्या लोकांक दिसाक होया." त्याने हातातला फुगा खाली न ठेवताच करून दाखवलं.