बेरीज बावीस

मी एका मॅडमचा विषय पदवीतून काढून टाकला आणि त्यानंतर तिसऱ्या दिवशी त्यांनीच आणलेला गोरसपाक खाल्ला. वर्ध्याची ती खुसखुशीत, तुपाळ बिस्किटं. एक नाही, चार खाल्ली. हे आधीच सांगून टाकतो, कारण वेळेवर न सांगण्याच्या माझ्या सवयीने या प्रकरणात पुरेसा घोळ घातला आहे.

मी हिंगणघाटच्या एका कॉलेजात इतिहास शिकवतो. नवीन धोरण आलं, बीएची पदवी पुन्हा बांधायची ठरली, तेव्हा विद्यापीठाने केलेल्या छोट्या समितीत माझंही नाव आलं. आम्ही चौघे होतो. अध्यक्ष म्हणजे वर्ध्याच्या एका कॉलेजचे निवृत्तीला आलेले प्राचार्य. दुसऱ्या अर्थशास्त्राच्या मॅडम, ज्यांना आम्ही तिघेही घाबरायचो. तिसरे राज्यशास्त्राचे सर, जे प्रत्येक बैठकीत आधी मोबाइल चार्जिंगला लावायची जागा शोधत. आणि चौथा मी, ज्याला टायपिंग येतं म्हणून तक्ता करण्याचं काम मिळालं.

बीएच्या मुलाने एका सत्रात बावीस श्रेयांक मिळवायचे असतात. श्रेयांक म्हणजे ढोबळमानाने आठवड्याचा एक तास. बावीसमध्ये सगळं बसवायचं: मुख्य विषय, जोडविषय, भाषा, कौशल्य, पर्यावरण. एसटीच्या टपावर सामान बांधावं तसं ते काम होतं. एक पेटी इकडून चढवली की तिकडून एक वळकटी खाली.

आमच्या समितीची एक पद्धत होती, जी कुठल्याच नियमावलीत सापडणार नाही. अकराला बैठक सुरू व्हायची. पहिला तास भांडण. मग कॅन्टीनच्या काकू तर्री-पोहे पाठवायच्या. पोह्यांवरची ती लाल, तेलकट तर्री कागदांवर सांडू नये म्हणून सगळे आपापले कागद बाजूला सरकवायचे, आणि बाजूला सरकलेला कागद म्हणजे मंजूर कागद. शेवटी अध्यक्ष विचारायचे, "बेरीज बावीस होते ना?" मी म्हणायचो, "होते." झालं. ओळींमध्ये काय आहे ते कोणी पाहत नसे, फक्त खालचा आकडा पाहिला जाई.

अशाच एका बैठकीत पोहे यायच्या आधी दोन नवे पेपर मंजूर झाले. एक तर्कशास्त्र, सगळ्या बीएच्या मुलांना सक्तीचं. दुसरा स्थानिक इतिहास. हा माझा. गावची जुनी कापसाची जिनिंग, वणा नदीचे पूर, आठवडी बाजार, हे मुलांनी स्वतः फिरून लिहावं असं मी दहा वर्षं मनात घोळवत होतो. दोन्ही दोन-दोन श्रेयांकांचे. दोन्हींना माना डोलल्या. मी त्या आनंदात बाहेर येऊन आमच्या कॉलेजच्या तत्त्वज्ञानाच्या मॅडमना फोन केला. "मॅडम, तर्कशास्त्र सगळ्यांना लागलं."

त्यांना हे ऐकणं का गरजेचं होतं ते सांगायला हवं. त्या वडनेरहून रोज स्कूटीवर येतात. अकरा वर्षं तासिका तत्त्वावर, म्हणजे दर जूनला नेमणूक नव्याने. तत्त्वज्ञान घेणारी मुलं त्या वर्षी सहा उरली होती. सहा मुलांवर विषय बंद होतो, आणि विषय बंद झाला की त्याही बंद. तर्कशास्त्र सगळ्या तुकड्यांना लागलं तर त्यांचे तास आपोआप भरत होते. फोनवर त्यांनी मला ते दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाल्या, "सर, मी गाडी बाजूला घेते." त्या चालवत होत्या.

संध्याकाळी मी तक्ता करायला बसलो. बेरीज चोवीस आली. पुन्हा केली. चोवीस. दोन श्रेयांक जास्त, आणि तक्ता त्याच संध्याकाळी ग्रुपवर टाकायचा होता. माझ्यासमोर दोन-दोनच्या दोन नव्या ओळी होत्या, एकीखाली एक. मी एक ओळ निवडली, ती पुसली, बेरीज बावीस झाली, आणि तक्ता पाठवला. तीन अंगठे वर आले. अध्यक्षांनी वर हात जोडल्याचं चित्रही पाठवलं.

हे सगळं करायला मला पाच मिनिटंही लागली नाहीत. बायकोने आतून विचारलं, "झालं का?" मी म्हणालो, "जुळलं." त्या रात्री मला छान झोप लागली हे सांगताना मला आजही लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मॅडम पुडा घेऊन आल्या. "घरून सांगितलंय, सरांना आधी द्यायचं." मी सांगणार होतो. खरोखर सांगणार होतो. पण तोंडात पहिला गोरसपाक होता, आणि तोंडात तूप असताना वाईट बातमी देता येत नाही. मग दुसरा घेतला, धीर यावा म्हणून. चौथ्यापर्यंत तासाची घंटा झाली.

पुढचे पंधरा दिवस मी कॉलेजात चोरासारखा फिरलो. त्यांची स्कूटी आत दिसली की मी मागच्या दाराने ग्रंथालयात. पुढची बैठक नेहमीप्रमाणे वर्ध्याला ठरली होती, त्यानंतर तक्ता वर जाणार आणि मग कोणी हलवू शकणार नाही. उघडपणे दुरुस्ती मागायची तर दोन अडचणी होत्या. तक्ता एकदा उघडला की प्रत्येक जण आपला एखादा पेपर आत सरकवणार. आणि मी कुठली ओळ पुसली आणि कुठली ठेवली, हे सगळ्यांना दिसणार.

म्हणून मी पोह्यांवर भिस्त ठेवली.

नवीन तक्ता केला. स्थानिक इतिहास काढला, तर्कशास्त्र घातलं. बेरीज बावीस. बैठकीच्या दिवशी लवकर पोचलो आणि कॅन्टीनच्या काकूंना म्हणालो, "आज पोहे साडेअकरालाच पाठवा."

काकूंनी झारा थांबवला. "काऊन जी? भांडण आज कमी आहे का?"

"लवकर संपवायचं आहे."

"तर्री जास्त टाकू?"

"भरपूर टाका," मी म्हणालो.

साडेअकराला पोहे आले. वास असा की राज्यशास्त्राचे सर चार्जर सोडून उठले. अध्यक्षांनी कागद बाजूला सरकवले. मी अगदी सहज, पोह्यांवर लिंबू पिळता पिळता म्हणालो, "अंतिम तक्ता आहे, बेरीज बावीस आहे," आणि चार प्रती फिरवल्या. सगळं ठरल्यासारखं चाललं होतं. फक्त अर्थशास्त्राच्या मॅडमपुढे प्लेट नव्हती.

"घ्या ना, मॅडम," मी म्हणालो.

"आज संकष्टी आहे, सर."

काकूंनी त्यांच्यासाठी एक केळं पाठवलं होतं. ते त्यांनी दोन मिनिटांत संपवलं, साल नीट घडी करून ठेवली, आणि मग त्यांना करण्यासारखं काहीच उरलं नाही. त्यांनी चष्मा लावला आणि तक्ता वाचायला घेतला. ओळीवर बोट ठेवून, वरून खाली. समितीच्या इतिहासात असं कोणी केलं नव्हतं. मी पंचांग पाहिलं नव्हतं. घरी भिंतीवर कॅलेंडर आहे, त्यावर लाल ठिपकाही होता.

"सर, ग्रुपवरच्या तक्त्यात तर्कशास्त्र नव्हतं. आता कुठून आलं?"

माझ्या तोंडात पोहे होते.

"आणि तुमचा स्थानिक इतिहास कुठे गेला?"

"बेरीज किती आहे?" अध्यक्षांनी विचारलं.

"बावीस," मी पोहे गिळून म्हणालो.

"मंग काय प्रॉब्लेम आहे, मॅडम?"

"प्रॉब्लेम असा आहे सर, की स्वतःचा पेपर स्वतः कोण काढतं?"

राज्यशास्त्राच्या सरांनी मोबाइल उलटा ठेवला. मी त्यांना तो उलटा ठेवताना पहिल्यांदाच पाहत होतो.

"खरं सांगा," ते म्हणाले, "कोणाचा दबाव आहे?"

"कोणाचाच नाही."

"त्या मॅडम तुमच्या नात्यात आहेत?"

"नाहीत."

"इलेक्शनले उभे राहून राह्यले का तुमी?"

"नाही हो."

"मंग यात काहीतरी आहे," अध्यक्ष म्हणाले. "मी तीस वर्षं बैठका पाहून राह्यलो. पेपर घालायले लोक मारामारीवर आले. काढायले कोणी आलं नाई."

त्यानंतर पंधरा मिनिटं ते तिघे माझा डाव शोधत होते. मी चौथ्या सत्रात काही लपवलंय का, ते पाहिलं. जोडविषयात इतिहास वाढवलाय का, ते मोजलं. मी जितका नाही म्हणत गेलो तितका माझा डाव खोल होत गेला. शेवटी मी चमचा खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. चोवीस कशी आली, दोन ओळी एकीखाली एक कशा होत्या, मी कुठली पुसली, झोप कशी लागली, पुडा, ग्रंथालयाचं मागचं दार, आज काकूंना दिलेली वेळ. कोणी विचारलं नव्हतं तेही सांगितलं.

मग अध्यक्ष म्हणाले, "चारही खाल्ले?"

"हो."

"शुगर नाई तुमाले?"

"नाही."

"नशीबवान आहा."

आणि ते हसायला लागले. राज्यशास्त्राचे सर हसले, त्यांची तर्री टेबलावर सांडली, माझ्या तक्त्याच्या बरोबर मध्ये. मला रडू येईल असं वाटत होतं आणि मीच सगळ्यात मोठ्याने हसत होतो.

अर्थशास्त्राच्या मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "तर्कशास्त्र मागच्या बैठकीत मंजूर होतं. इतिवृत्तात आहे. स्थानिक इतिहासही मंजूर होता. दोन्हींपैकी एकच मावतो, आणि सर स्वतःचा काढतायत. माझी हरकत नाही. फक्त एक नोंद घ्या. यापुढे पोहे बैठक संपल्यावर."

"ते सोडून सगळं मंजूर," अध्यक्ष म्हणाले.

परतीच्या बसमध्ये मला अंगात वारा भरल्यासारखं झालं होतं. खिडकीबाहेर भर उन्हात एक म्हैस डबक्यात बसली होती, तिचंही मला कौतुक वाटलं. हिंगणघाट आलं आणि मी उठलोच नाही. बस पुढे पांढरकवड्याला जाणारी होती.

कंडक्टर म्हणाला, "उतरा ना जी. तिकीट इथलंच आहे."

"वडनेरचं द्या," मी म्हणालो.

मॅडमचं घर विचारत विचारत सापडलं. अंगणात त्यांच्या सासूबाई बाजेवर कुरडया वाळत घालत होत्या. आत फळीवर बुद्धाची छोटी पांढरी मूर्ती दिसत होती. मी नाव सांगितलं तशी त्या पदर सावरून उभ्या राहिल्या.

"तुमीच का ते सर? माया सुनेचा विषय साऱ्याईले लावला ते?"

"हो. म्हणजे नाही. म्हणजे आज लावला."

"आज? अन् गोरसपाक तं तिनं कवाच नेलता."

एवढ्यात मॅडम बाहेर आल्या. मी उभ्याउभ्याच सांगितलं, या वेळी थोडक्यात. त्या ऐकत होत्या. कॉलेजात त्या पुस्तकासारखं बोलतात, शब्द न शब्द तोलून. आता त्यांनी विचारलं ते तसं नव्हतं.

"दोन ओळी होत्या ना, सर? मंग माहीच काऊन काढली?"

बसमध्ये मी तीन कारणं तयार केली होती. स्थानिक इतिहास आधी सुचवला गेला होता, तो धोरणात बसत होता, आणखी असंच काही. त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही.

"कारण दुसरी माझी होती," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. "हे एवढं विधान बरोबर आहे." मग म्हणाल्या, "मी रागावले आहे. किती, ते उद्या ठरवते. पण तास मिळाले ना? नक्की?"

"नक्की. तर्री सांडलेल्या प्रतीवर सही आहे."

त्या वळून आत गेल्या. त्यांचे खांदे हलत होते. हसत होत्या की रडत होत्या ते मला कळलं नाही आणि विचारायची हिंमत झाली नाही. सासूबाईंनी मला एक पाट दिला.

"चार खाल्ले मनता ना? मंग चहा होयेलोक या कुरडया उलट्या करू लागा. तुटू देऊ नका."

मी बावन्न वर्षांचा इतिहासाचा प्राध्यापक, त्या उन्हात तासभर कुरडया उलटत बसलो. तीन तुटल्या. इतका हलका मी कित्येक वर्षांत झालो नव्हतो.

जुलैत तर्कशास्त्राचे तास सुरू झाले. स्थानिक इतिहास गेल्यामुळे आठवड्यातले दोन तास मला मोकळे असतात, आणि नेमके तेव्हाच मॅडमचे असतात. पहिल्याच आठवड्यात मी त्यांच्या वर्गाच्या दाराबाहेर थांबलो. वर्ग इतका भरला होता की खिडकीच्या कट्ट्यावरही मुलं बसली होती. फळ्यावर लिहिलं होतं: बेरीज बरोबर आहे, म्हणून तक्ता बरोबर आहे.

"हे अनुमान बरोबर की चूक?" मॅडमनी विचारलं.

"बरोबर, मॅडम," एक मुलगा म्हणाला. "बावीस पाहिजे होते, बावीस झाले."

मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "मॅडम, आधी सांगा, तक्ता कोणी केलता?"

सगळा वर्ग हसला, आणि बाहेर मीही, आवाज करून. मॅडमनी दाराकडे पाहिलंसुद्धा नाही.

"बाहेर उभे आहेत त्यांनीही उत्तर लिहून द्यायचं," त्या म्हणाल्या. "आणि कारणासकट."

मी आत गेलो. मागच्या बाकावरच्या मुलीने सरकून जागा दिली. माझ्याकडे पेन नव्हतं, तेही तिचंच घेतलं.