बेलभंडार आणि गोळ्या
आमच्या घरात दारू सोडवायची एकच रीत होती, बेलभंडार उचलायचा. सासूबाई ताट पुढे करायच्या, हे शपथ घ्यायचे, आणि मुलगी उजवल्यासारखं आम्ही सगळे हुश्श करायचो. पुढे कुणाच्या तरी बारशात एक घोट जायचा. शपथ मोडलीच म्हटल्यावर माणूस हात राखून कशाला पिईल? देवाचा अपराध झालाच आहे, मग बाटली तरी कशाला उरवायची! त्या एका घोटाचा पंधरवडा व्हायचा.

नांदेडच्या डॉक्टरीणबाईंना मी हे सांगितलं. सोबत माझं निदानही सांगितलं, की माणूस मुळातच नालायक आहे. त्या हसल्या. म्हणाल्या, "नालायकीवर माझ्याकडे औषध नाही. दारूवर आहे." वर्षानुवर्षं पिऊन मेंदूला पायवाट पडते म्हणे. संध्याकाळ झाली, तळलेल्या शेंगदाण्यांचा वास आला, की मेंदूसाहेब आपणहून त्या वाटेला लागतात. "तलफ येते तशी ओसरतेही. तेवढा वेळ त्यांना कामाला लावा. गोळ्या चुकवू नका. आणि परत प्यालेच, तर शपथ नको, राग नको. दुसऱ्याच दिवशी इकडे आणा."

राग नको म्हणे! घरी हदगावला येईपर्यंत बसमध्ये मला त्याच वाक्याचा राग येत होता. तरी मी शेंगदाणे तळणं बंद केलं. तलफ आली की ह्यांच्या पुढ्यात मेथीची जुडी टाकायची. उभ्या जन्मात स्वतःचं ताट न उचललेला माणूस काड्यांसकट मेथी निवडू लागला, आणि आम्ही ती भाजी मुकाट्याने खाल्ली.

दिवाळीनंतर माझ्याच भावाच्या साखरपुड्यात ह्यांचा पाय घसरला. माहेरच्यांदेखत. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई ताट घेऊन उभ्या.

"उचल. न्हाईतर माझं मेलेलं तोंड बघशील."

मी दारात होते. इतक्या वर्षांच्या शिव्या जिभेवर तयार होत्या. ह्यांनी हात पुढे केला आणि मागे घेतला. मला वाटलं, आता हे थेट गुत्त्यावर जाणार आणि पंधरवडा सुरू होणार.

"माय, शपथ माझ्याच्यानं निभत न्हाई," हे म्हणाले. मग माझ्याकडे वळले. दारूबद्दल हा माणूस माझ्याशी पहिल्यांदाच खरं बोलला.

"नांदेडला चलतीस का संगं? एकटा गेलो तर मधीच उतरून जाईन."