फिलोमिना टोबिनच्या घरी चहा

फिलोमिना टोबिन आमच्या वॉर्डात आली ती बरी होऊन परत जायला नाही, हे तिला डॉक्टरांच्या आधी कळलं होतं. फुप्फुसातला कॅन्सर हाडांत उतरला होता. सारा जन्म मासळीच्या कारखान्यात कॉड साफ करण्यात गेलेला. नवरा लिओ वारला होता, एकुलता एक मुलगा जेरार्ड तिकडे दूर अल्बर्टात तेलाच्या विहिरींवर कामाला. आमच्या न्यूफाउंडलंड बेटावरच्या निम्म्या आयांची पोरं तिकडेच असतात, त्यामुळे त्याचं गाऱ्हाणं ती करत नसे. दुपारी मात्र भिंतीकडे तोंड करून पडायची.

"झोप लागली होती का?" मी एकदा विचारलं.

"नाही गं पोरी. बोलायला कुणी नसलं की डोळे मिटून घ्यावेत. निदान एकटं पडल्यासारखं दिसत नाही."

नोव्हेंबरात वॉर्डाला दोन व्हीआरचे चष्मे मिळाले. रुग्णांचं मन रमवायचं काम मार्लिसकडे होतं. ती चष्मा घेऊन आली. "सांगा, कुठं जायचं? इटलीचा किनारा आहे, आफ्रिकेतले हत्ती आहेत."

"समुद्र बघायला मला चष्मा लागतो होय? आमच्या गावची किती माणसं गिळलीत त्यानं," फिलोमिना म्हणाली. "न्यायचंच तर माझ्या स्वयंपाकघरात ने."

मार्लिसनं जेरार्डला फोन केला आणि थोड्याच दिवसांत घराची फिल्म आली. तासाभराच्या वाटेवर, खाडीकाठच्या खडकावर तिचं पिवळं घर होतं. चष्मा चढवला की ती पायरीवर उभी असे, मग दार, पुढची खोली, स्वयंपाकघर. मान वळवाल तिकडचं दिसे. पहिल्या दिवशी तिनं हात लांब करून हवेतल्या ओट्यावरून फिरवला आणि कितीतरी वेळ तो तसाच ठेवला.

मग तिनं समोरच्या खोलीतल्या हेडली पाइकला बोलावणं धाडलं. हेडली बोटीवरचा स्वयंपाकी, बिनलग्नाचा. त्याला भेटायला कधी कुणी आलेलं मी पाहिलं नव्हतं. आम्ही दोघांना शेजारी बसवून दोन्ही चष्मे एकदम सुरू करायचो आणि हातात डब्यातलं दूध घातलेला खराखुरा चहा द्यायचो.

"कॅथलिक असून प्रॉटेस्टंटाला घरात घेतेस? वर गेल्यावर लिओला काय सांगशील?" हेडली म्हणायचा.

"बूट काढून आला होता, असं सांगेन."

रोज दुपारी हे चालायचं. आम्ही नर्सा कामं सोडून दाराशी घुटमळायचो. फिलोमिना गोळ्यासुद्धा कमी मागू लागली.

घरात काही काही वेगळं होतं, ते तिच्या लक्षात आलं होतं. टेबलावर वाडगाभर लिंबं होती. पलंगावर कधीच नव्हती अशी पांढरी शुभ्र चादर. भिंतीवरचा लिओचा फोटो नव्हता.

"जेरार्डनं आवरलेलं दिसतं," ती म्हणायची. "फोटो जपून ठेवला असेल."

"आणि लिंबं?"

"अल्बर्टात राहून शिष्ट झालाय."

एका दुपारी चाकाची खुर्ची मी उलटी लावली आणि तशीच फिल्म सुरू केली. एरवी तिच्यासमोर दार यायचं. त्या दिवशी फाटक आलं.

"थांब," ती म्हणाली. "फाटकाशी ती पाटी कसली? हेडली, मागे बघ. मला दिसतंय तेच तुला दिसतंय का?"

हेडलीनं मान वळवली.

"वाच ना."

"घर विकणे आहे, असं लिहिलंय, फिलोमिना."

तिनं चष्मा काढला आणि मार्लिसला बोलावलं. मार्लिसनं लपवलं नाही. घर विकणाऱ्या एजंटानं गिऱ्हाइकांना दाखवायला ती फिल्म काढली होती. शेवटी त्याचं नाव आणि फोन नंबर होता. जेरार्डच्या सांगण्यावरून मार्लिसनं तेवढा तुकडा कापला होता. "तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून," ती म्हणाली.

"तू कापलास?"

"हो."

"बरं. चष्मा घेऊन जा."

जेरार्डला फोन लावला तेव्हा फोन मीच धरला होता, तिच्या हातात तेवढं बळ नव्हतं. घर विकलं गेलं होतं, टोरँटोच्या एका जोडप्याला, उन्हाळ्यात येऊन राहायला. सह्या करायचा अधिकार आजारपणात तिनंच त्याला दिला होता.

"आई, तू काही परत जाणार नव्हतीस," तो म्हणाला.

"ते मला ठाऊक होतं. विचारलं असतंस तर मीच विक म्हटलं असतं. पण तू मला माझ्याच घरात गिऱ्हाइकासारखं फिरवलंस."

आठवडाभरात तो विमानानं आला. दाढी वाढलेली, हातात फुलं. तिनं फुलं मला दिली आणि मार्लिसकडून चष्मा मागवला.

"घाल," ती त्याला म्हणाली. "आत जा. पुढच्या खोलीत माझी खुर्ची होती, ती कुठं गेली?"

"चर्चला दिली."

"लिओचा फोटो?"

"माझ्याकडे आहे."

"कपाट?"

"ते मी आणि शेजारच्या कॉननं उचललं. दारातून निघेना, म्हणून तोडावं लागलं."

ती थांबली. "तू उचललंस? तू स्वतः आला होतास?"

चष्मा तसाच ठेवून त्यानं होकारार्थी मान हलवली.

"कधी?"

"ऑक्टोबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या सुमाराला."

"तेव्हा मी याच पलंगावर होते, जेरार्ड."

"तोंड दाखवायची हिंमत झाली नाही, आई."

चष्मा काढायचं त्याला सुचेना. तिनंच सांगितलं, "काढ तो. जेवून जा, आज खारा मासा आहे." त्यानंतर ती त्याच्याशी हवापाण्याचं बोलायची, त्याच्या बायकोची चौकशी करायची. आवाज कधी चढला नाही. चढला असता तर त्याला बरं वाटलं असतं, असं मला वाटतं.

नाताळानंतर ती झपाट्यानं खालावली. जवळ कुणाला बसवू, असं मी विचारलं तेव्हा तिनं हेडलीचं नाव घेतलं. "जेरार्डला सांग, मला राग नाही. पण आत नको."

मी तसं सांगितलं. तो बाहेर खुर्चीवर बसून राहिला. आत ती हळू आवाजात हेडलीशी बोलत होती, थांबत थांबत, संध्याकाळ होईपर्यंत.

ती गेल्यावर हेडली काठी टेकत बाहेर आला. जेरार्ड उठून उभा राहिला. "काय म्हणाली ती?" त्यानं विचारलं.

"ते तिनं मला सांगितलंय," हेडली म्हणाला आणि आपल्या खोलीत गेला.